गडाच्या पायथ्याशी तीनशे गाड्यांचा वाहनतळ: विरोध करावा का, आणि कसा?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. तुम्ही मुलुंडला राहता. माहेर कर्जत तालुक्यात, एका किल्ल्याच्या पायथ्याशी, स्टेशनपासून ११ किलोमीटरवर. गावाबाहेर ओढ्यालगतच्या गायरानात तीनशे गाड्यांचा वाहनतळ करायचं घाटतंय. पावसाळ्यात शनिवार-रविवारी गावातला रस्ता गाड्यांनी बंद होतो, म्हणून गावाला तो हवाय आणि तुमचा सख्खा भाऊ त्यात पुढे आहे. तुम्हाला वाटतं की यापेक्षा स्टेशनवरून बसची सोय व्हावी. विरोध करावा का, कशाच्या आधारावर करावा, आणि ‘मुंबईत राहून आम्हाला शिकवू नका’ याला काय उत्तर द्यावं, असं तुम्ही विचारलंय.

विरोध करावा. पण तुमच्या भावाची तक्रार खरी आहे, हे आधी त्याला त्याच्या तोंडावर सांगा. रविवारी सकाळी दहाला एसटी गावात शिरू शकत नाही, बाळंतिणीला न्यायला आलेली १०८ वेशीवर अडकते, शेतात जायच्या वाटेवर कुणाची तरी गाडी आडवी लावलेली असते. हे भोगणाऱ्या माणसाला पर्यावरणाचं व्याख्यान दिलं तर तो उठून जाईल, आणि ते बरोबरच होईल. दुखणं खरं आहे. वाहनतळ हे त्यावरचं औषध आहे का, एवढाच वाद आहे.

मी मुंबई आणि आसपासच्या भागात २८ वर्षं वाहतूक सर्वेक्षण आणि नियोजनाचं काम केलं. सुरुवात चौकात उभं राहून वहीवर गाड्यांच्या रेघा ओढण्यापासून झाली. सुट्टीच्या दिवशी दादरहून पहिल्या गाड्यांपैकी एक पकडून सह्याद्रीत जायचं, हेही तितकीच वर्षं चाललंय. त्यामुळे तुमच्या गावासारखी गावं मी गाड्या मोजणारा म्हणून पाहिली आहेत आणि पाठीवर सॅक घेऊन शिरणारा म्हणूनही.

सगळ्यात आधी रस्ता बघा, गायरान नंतर. वाहनतळाच्या चर्चेत सगळे जागा बघतात, तिथे पोचायचा रस्ता कुणी बघत नाही. कर्जत सोडून आत वळलं की बहुतेक ठिकाणी एकपदरी डांबरी रस्ता असतो, रुंदी ३.७५ मीटर, कुठे कुठे त्याहूनही कमी. समोरून गाडी आली की एकाला साइडपट्टीवर उतरावं लागतं, आणि जुलैमध्ये साइडपट्टी म्हणजे चिखल. सकाळी लोक सहापासून दहापर्यंत पांगून येतात, म्हणून चालून जातं. उतरताना तसं होत नाही. गड बघून, जेवून सगळे तीन ते पाचच्या दरम्यान निघतात. तीनशे गाड्या दोन तासांत बाहेर पडायच्या म्हणजे दर २४ सेकंदांना एक गाडी, एकपदरी रस्त्यावर, समोरून येणारी एसटी आणि दुधाचा टेम्पो धरून. ते होत नाही. आज गावच्या पारापाशी जी कोंडी आहे ती उद्या दोन किलोमीटर खाली मोरीवर, म्हणजे रस्त्यातल्या छोट्या पुलावर, होईल. फरक इतकाच की तिथे वाट काढून द्यायला गावकरी नसतील. रुग्णवाहिका आज वेशीवर अडकते, मग मोरीवर अडकेल. तुमच्या भावाला पटेल असा हा सगळ्यात मोठा मुद्दा आहे, कारण तो त्याच रस्त्यानं रोज जातो.

दुसरा मुद्दा आमच्या धंद्यातला जुनाच आहे, पण प्रत्येक गावात तो नव्यानं सांगावा लागतो. आज रविवारी येणाऱ्या गाड्या हीच काही पूर्ण मागणी नाही. ‘तिथे फार ट्रॅफिक असतं, नको’ म्हणून घरी बसलेले कितीतरी लोक ठाण्यात, नवी मुंबईत, पुण्यात आहेत. जागा झाली, तसा फोनवरच्या नकाशात वाहनतळ दिसू लागला, की ते निघतात. अटल सेतू जानेवारी २०२४ मध्ये सुरू झाला. समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते आमणे हा शेवटचा टप्पा जून २०२५ मध्ये खुला झाला. जुलै २०२५ मध्ये रायगड, राजगड, लोहगड, शिवनेरी असे मराठ्यांचे १२ किल्ले युनेस्कोच्या यादीत गेले, आणि त्यानंतर यादीबाहेरच्या किल्ल्यांकडेही लोकांचं लक्ष वळलं. याचा मला आनंद आहे. पण सह्याद्रीच्या पायथ्यापर्यंत गाडीनं पोचणं दरवर्षी सोपं होतंय, आणि शेवटचे ११ किलोमीटर मात्र बैलगाडीच्या काळातल्या आखणीवर आहेत. तीनशे जागा केल्या तर दोन-तीन पावसाळ्यांत चारशे गाड्या येतील आणि उरलेल्या शंभर पुन्हा तुमच्या पारापाशीच लागतील. तेव्हा पंचायत म्हणेल, आणखी एक एकर घेऊ.

मुंबईतलाच दाखला देतो. बिल्डरांना जादा एफएसआय, म्हणजे जास्त बांधकामाची परवानगी, देऊन महापालिकेनं सार्वजनिक वाहनतळ बांधून घेतले. ते बरेचसे रिकामे राहिले आणि बाहेरच्या रस्त्यावर दुतर्फा गाड्या तशाच. शेवटी जुलै २०१९ मध्ये त्या वाहनतळांच्या आसपास रस्त्यावर गाडी लावणाऱ्यांना ५ हजारांपासून २३ हजार रुपयांपर्यंत दंड जाहीर करावा लागला. रस्त्यावर फुकट लावता येत असेल तर पैसे देऊन आत कोण जाईल? रस्ता मोकळा होतो तो रस्त्यावर गाडी लावू न दिल्यानं. आणि ती बंदी करायला तीनशे गाड्यांचा वाहनतळ आधी असावा लागतो, असं कुठेही नाही.

माथेरान तर तुमच्या शेजारचंच. तिथे मोटारी आत जात नाहीत, म्हणून माथेरान अजून माथेरान आहे. केंद्र सरकारनं २००३ मध्ये तो परिसर पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील ठरवला, त्यानं ही बंदी आणखी पक्की झाली. पण दस्तुरी नाक्याला गाड्या लावायची सोय आहे, आणि लांबलचक सुट्टी आली की नेरळच्या घाटात गाड्यांची रांग लागते ती तिथूनच. आतल्या जंगलाचं रक्षण झालं, घाटरस्त्याचे हाल झाले. त्याच नेरळ स्टेशनबाहेर शेअर टॅक्सी उभ्या असतात, माणशी भाडं घेतात, भरली की निघते. १९०७ पासूनची छोटी गाडी आहे. पावसाळ्यात घाटातला मार्ग बंद असला तरी वरती अमन लॉज ते माथेरान फेऱ्या चालू ठेवतात. स्टेशनपासून डोंगरापर्यंतची साखळी आपल्याकडे शंभर वर्षांहून जास्त काळ चालत आलीय. ती युरोपातून उचलून आणायची गोष्ट नाही.

बाहेरचे दाखले कुणी मागितलेच तर दोन पुरेत. इंग्लंडच्या पीक डिस्ट्रिक्टमधल्या गॉइट खोऱ्यात १९७० मध्ये सुट्टीच्या दिवशी अरुंद रस्ता मोटारींना बंद करून मिनीबस चालवली. अमेरिकेतल्या झायन राष्ट्रीय उद्यानात २००० पासून दरीत बसनं नेतात, कारण मोटारी मावेनाशा झाल्या होत्या. दोन्हीकडे गाड्या थांबवल्या त्या रुंद रस्ता संपतो तिथे, अरुंद रस्त्याच्या शेवटच्या टोकाला नव्हे. तुमच्याकडे रुंद रस्ता संपतो कर्जतमध्ये. वाहनतळ करायचाच असेल तर तो तिथे करा. रविवारी रिकामी असलेली शाळांची पटांगणं चालतील, त्यासाठी एक पेव्हर ब्लॉकही बसवावा लागणार नाही.

आता गायरान. एका गाडीला उभं राहायला अडीच मीटर बाय पाच मीटर जागा लागते, पण आत-बाहेर करायची वाट धरली की दर गाडीमागे २५ चौरस मीटर धरावे लागतात. तीनशे गाड्यांना साडेसात हजार चौरस मीटर, म्हणजे जवळजवळ दोन एकर. त्यावर मुरूम टाकून रोलर फिरवला की पाणी मुरणं जवळपास थांबतं. कर्जतच्या बाजूला पावसाळ्यात एका दिवसात १०० मिलिमीटर पाऊस ही नवलाची गोष्ट नाही. साडेसात हजार चौरस मीटरवर १०० मिलिमीटर म्हणजे साडेसात लाख लिटर पाणी. दहा हजार लिटरचे ७५ टँकर. यातलं बरंच आज गवताखाली मुरतं आणि जे वाहतं ते सावकाश वाहतं. उद्या ते चाकांचा गाळ आणि इंजिनाचं तेल घेऊन एकदम ओढ्यात उतरेल. ओढ्याखाली कुणाची भातखाचरं आहेत, विहीर कुणाची आहे, हे मला माहीत नसलं तरी तुम्हाला माहीत आहे. त्या घरांशी आधी बोला. हेच गायरान नोव्हेंबरपासून मेपर्यंत गाड्यांसाठी रिकामं पडून राहील, आणि गुरांना मात्र तिथे गवत उगवणार नाही. चार महिन्यांतल्या शनिवार-रविवारच्या गर्दीसाठी बारमाही चराई द्यायची, असा हा सौदा आहे.

तीनशे गाड्यांचं आणखी एक गणित मी प्रत्येक सभेत सांगतो. गाडीत चार माणसं धरली तर बाराशे माणसं. बारा डब्यांच्या एका लोकलमध्ये बसायला हजाराच्या वर जागा असतात. म्हणजे पूर्ण वाहनतळातून जितके लोक येणार, तितके जवळजवळ एका कर्जत लोकलमध्ये बसून येतात, आणि रविवारी पहाटे त्या लोकलमध्ये जागा असते. रेल्वे आहे, स्टेशन आहे. अडलंय ते शेवटच्या ११ किलोमीटरवर. मागण्यासारखं काही असेल तर ते तिथे मागा.

सहाशे माणसांना सकाळच्या तीन तासांत स्टेशनवरून गावात आणायचं आहे असं धरू. ४० आसनी बसच्या १५ फेऱ्या. जायला २५ मिनिटं, यायला तेवढीच, चढ-उतार धरून तासाला एक फेरी पुरी होते. तीन तासांत एका बसच्या तीन फेऱ्या, म्हणजे पाच बस पुरतात. दीडशे गाड्यांच्या जागी १५ फेऱ्या. बस एकाच दिशेनं एका वेळी सोडली आणि समोरासमोर येण्याची जागा आधी ठरवली, तर एकपदरी रस्ताही हे झेपवतो. एसटी याच रस्त्यानं मुक्कामाला येतच असेल, तेव्हा ‘रस्त्यावर बस बसणार नाही’ हे कुणी म्हणू शकत नाही. त्याच्या जोडीला गावातल्या पोरांच्या इको व्हॅन आणि रिक्षा आहेतच. त्यांना बाजूला सारणारी कोणतीही योजना आणू नका. एसटी ठरलेल्या वेळेला, आणि मधल्या वेळेत शेअर इको, भाडं फलकावर लिहिलेलं, अशी विभागणी करा. मार्च २०२३ पासून एसटीत महिलांना अर्धं तिकीट आहे आणि पंचाहत्तरी ओलांडलेल्यांना त्याआधीपासून प्रवास मोफत आहे. गावच्या बायकांना हा फायदा आठवड्याचे सातही दिवस मिळेल, ट्रेकर आले नाहीत तरी.

इथे माझ्या अनुभवातली एक गोष्ट जरा विस्तारानं सांगतो, कारण बहुतेक बसयोजना तिथेच फसतात. एका डोंगरी ठिकाणासाठी आम्ही सुट्टीच्या दिवशी बस सुचवली होती. सकाळच्या फेऱ्या उत्तम आखल्या, लोकल आली की सात मिनिटांत बस. पहिल्या रविवारी बस भरून गेल्या. परतीची शेवटची फेरी मात्र साडेचारला ठेवली होती, चालकांच्या पाळीच्या हिशेबानं. पाऊस लागला, वाट निसरडी झाली, लोक उतरायला उशीर झाला. पावणेपाचला पन्नासेक माणसं भिजत उभी, आणि बस गेलेली. त्यातली किती पुन्हा बसनं आली असतील? तिसऱ्या रविवारपासून सकाळच्याही बस रिकाम्या जाऊ लागल्या आणि योजना गुंडाळली गेली. कार्यालयात निष्कर्ष निघाला की लोकांना बस नको असते. हा निष्कर्ष चूक होता, आणि आखणीत मीही होतो म्हणून त्याची खंत अजून आहे. लोकांना परतीची खात्री हवी असते. गाडी आणणारा माणूस सकाळच्या सोयीसाठी गाडी आणत नाही. संध्याकाळी आपण अडकणार नाही, याची ती हमी असते.

म्हणून तुमच्या मागणीत पहिली ओळ परतीची असू द्या. शेवटची बस अंधार पडल्यावर, आणि ती गेल्यावरही कुणी राहिलंच तर गावातल्या कोणत्या दोन इकोवाल्यांना फोन करायचा, त्यांचे नंबर पारावर रंगवलेले. बसायला पत्र्याचा आडोसा, एक नळ, बायकांसाठी स्वच्छ शौचालय. यातल्या कशालाही दोन एकर लागत नाहीत.

मध्य रेल्वेचा रविवारचा मेगाब्लॉक मी विसरलेलो नाही, आणि विरोधकही विसरणार नाहीत. तो साधारण सकाळी अकरा ते दुपारी चारच्या दरम्यान असतो. सुदैवानं गडावर जाणारे त्याआधी पोचतात आणि त्यानंतर परततात. पण ब्लॉक लांबला की संध्याकाळच्या गाड्यांना गर्दी होते आणि वेळापत्रक कोलमडतं, हे कबूल करूनच बोला. बसची वेळ घड्याळाशी बांधू नका, लोकलच्या येण्याशी बांधा. लोकल वीस मिनिटं उशिरा असेल तर बसही वीस मिनिटं थांबली पाहिजे. ही एक ओळ आगार व्यवस्थापकाकडून लेखी घ्या.

दुचाकींचं काय, हे तुम्ही विचारलं नाही, पण गावात विचारतील. पावसाळ्यात बदलापूर, अंबरनाथ, पनवेलकडून येणाऱ्यांत दुचाकी फार असतात आणि त्या बसमध्ये लवकर वळणार नाहीत. त्यांना मोटारीच्या मानानं जागा थोडी लागते. गावातल्या अंगणांत त्या मावतात. तेवढं मान्य करून टाका, ताणू नका. वृद्ध, अपंग, लहान मुलं असलेल्या कुटुंबांसाठी पंधरा-वीस मोटारींची जागाही मान्य करा. ‘एकही गाडी नको’ म्हणणारा विरोध गावात टिकत नाही, आणि तो न्यायाचाही नाही.

अंगणांचा विषय निघालाच आहे, तर पैशाचं बोलू. आज तुमच्या गावात बरीच घरं अंगणात, खळ्यावर गाड्या लावू देऊन पन्नास-शंभर रुपये घेत असतील. त्यातलीच काही घरं पोहे, चहा, पिठलं-भाकरी देतात. तीनशे गाड्यांच्या वाहनतळाचा पंचायत लिलाव करेल. हिशेब करून बघा: पन्नास रुपयांनी तीनशे गाड्या म्हणजे दिवसाला १५ हजार. पावसाळ्यातले ३४ शनिवार-रविवार एकूणएक भरले, जे कधीच होत नाही, तरी पाच लाख. त्यातून ठेकेदार आपला वाटा काढेल आणि पंचायतीला ठरलेली रक्कम देईल. अंगणवाल्या घरांना काय मिळेल? आज वीस-पंचवीस चुलींपर्यंत पोचणारा पैसा एका पावतीपुस्तकात जाईल. उलट लोकलनं आलेला माणूस भुकेला असतो. त्याच्याकडे डिकीत भरलेला खाऊ नसतो, वाटेत हायवेवरचा फूड मॉल नसतो. सहाशे माणसं शंभर रुपयांचं जेवली तर एका दिवसाचे ६० हजार, आणि ते थेट घरांत. गाडीतून येणारे जेवतच नाहीत असं मी म्हणत नाही. पण कोण कुठे जेवतं, हे तुम्ही मोजून दाखवलंत तर गावाचं मत तिथेच फिरेल.

मोजणी हाच तुमच्या कामाचा गाभा आहे. बाकी सगळं मी सांगितलेलं सामान्य ज्ञान आहे. तुमच्या गावचे आकडे फक्त तुम्हीच जमवू शकता. दोन रविवार घ्या, एक भरपावसाचा, एक उघडीपीचा. तुलनेला एक मंगळवार. वेशीवर दोघं जण, सकाळी साडेपाच ते अकरा आणि दुपारी दोन ते सात. दर पंधरा मिनिटांचा वेगळा रकाना: दुचाकी, मोटार, ट्रॅव्हलर किंवा बस, एसटी, इको-रिक्षा. प्रत्येक गाडीत माणसं किती तेही लिहा, निम्म्या लोकांचं लक्ष तिथे नसतं आणि खरा मुद्दा तोच आहे. नंबरप्लेटचे शेवटचे चार आकडे येताना आणि जाताना लिहिले की गाडी किती तास थांबली ते कळतं. गडावर येणारी गाडी पाच-सहा तास हलत नाही, म्हणजे एका जागेवर दिवसात जेमतेम एकच गाडी लागते. मॉलच्या वाहनतळाचं गणित इथे लागू होत नाही, हे त्यातून दिसेल.

त्याच सकाळी तिसरा माणूस कर्जत स्टेशनबाहेर उभा करा. सॅक घेऊन किती उतरले, किती वेळ ताटकळले, काय भाडं पडलं, किती जण कंटाळून दुसरीकडे गेले. आणि गावात गाड्या लावणाऱ्या पन्नास-साठ जणांना एकच प्रश्न विचारा: ‘आज लोकलनं का नाही आलात?’ ‘बस असती तर आला असता का’ असं विचारू नका. त्याला सगळे सभ्यपणे हो म्हणतात आणि ते उत्तर निरुपयोगी असतं.

रस्त्याच्या सगळ्यात अरुंद तीन जागी टेप लावून रुंदी मोजा, फोटो काढा, फोटोत वेळ दिसू द्या. त्या दिवशी रुग्णवाहिका आली असेल तर किती मिनिटं अडकली, ते लिहून ठेवा. मोजणीत तुमच्या भावाला घ्या. त्यानं स्वतःच्या हातानं काढलेल्या रेघांवर त्याचा विश्वास बसेल, माझ्या लिहिण्यावर बसणार नाही.

कागदपत्रांचं काम समांतर चालू द्या. पहिला सातबारा. जमीन खरंच गायरान आहे, की इतर हक्कात वनाचा शेरा आहे? वनजमीन निघाली तर केंद्राच्या वन कायद्याखालची मंजुरी लागते आणि विषय तिथेच थांबतो. गायरान असेल तर सर्वोच्च न्यायालयाचा २८ जानेवारी २०११ चा जगपाल सिंग खटल्यातला निकाल आणि त्यानंतर राज्य सरकारनं १२ जुलै २०११ ला काढलेला शासन निर्णय, हे दोन्ही छापून जवळ ठेवा. निकाल गावच्या सामाईक जमिनींवरच्या अतिक्रमणांबद्दल होता. शासन निर्णयाचा रोख असा आहे की गायरान सार्वजनिक कामासाठीसुद्धा द्यायचं ते दुसरी जमीन मिळतच नसेल तेव्हा. कर्जतमधली पटांगणं हा ‘दुसरी जमीन’ या प्रश्नाचा तुमचा जवाब आहे. गायरान देण्याचा अधिकार जिल्हाधिकाऱ्यांच्या पातळीवरचा आहे, सरपंचांच्या नव्हे, तेव्हा अर्जाची एक प्रत तिकडे गेलीच पाहिजे.

माहितीच्या अधिकारात तीन कागद मागा: अंदाजपत्रक, प्रशासकीय मान्यता, आणि निधी कोणत्या योजनेतून येतोय ते. जिल्हा नियोजन समितीचा किंवा पर्यटन विकासाचा पैसा असेल, तर त्याच निधीतून बसथांबा, पाणी, शौचालयं मागता येतात का हे विचारा. ‘निधी परत जाईल’ ही भीती गावात फार चालते, आणि तिला तोडगा दिल्याशिवाय कुणी हात वर करणार नाही.

रस्त्यावरच्या कोंडीला तातडीचा उपाय हवाच. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ११५ खाली ठरावीक रस्त्यावर ठरावीक वाहनांना मनाई करता येते, आणि कलम ११७ खाली वाहनं कुठे उभी करायची ते ठरवता येतं. ग्रामसभेच्या ठरावासह जिल्हाधिकारी आणि पोलिसांकडे मागणी करा: पावसाळ्यातल्या शनिवार-रविवारी वेशीच्या आत रस्त्याच्या कडेला पार्किंग बंद. पर्यटनस्थळांवर सरसकट जमावबंदी लावतात तसलं मात्र मागू नका. त्यात पोह्यांच्या गाडीवालीचा हंगाम बुडतो, आणि तिला विचारायला कुणी आलेलं नसतं.

आता ‘मुंबईकर’ या टोमण्याबद्दल. तुमचं नाव मुलुंडच्या मतदारयादीत असेल तर ग्रामसभेत तुम्हाला मत नाही, आणि हे नियमाला धरून आहे. तुम्ही पुढे उभ्या राहू नका. नेहमीच्या ग्रामसभेआधी महिलांची सभा घ्यायची तरतूद कायद्यात आहे. तिथे वहिनी, चुलत्या, ओढ्याकाठच्या घरांतल्या बायका बोलू देत. शेरडं त्या गायरानात कोण नेतं, विहिरीचं पाणी कोण भरतं, रविवारी दारापुढं लघवीला उभ्या राहणाऱ्या परक्यांना हाकलतं कोण? त्यांच्याकडे सांगण्यासारखं तुमच्यापेक्षा आणि माझ्यापेक्षा पुष्कळ आहे. तुम्ही आकडे जुळवा, अर्ज लिहा, कर्जतच्या आगारात आणि पनवेलच्या परिवहन कार्यालयात खेपा घाला. शहरात राहणाऱ्या लेकीचा हा उपयोग गावाला खरोखर होतो, आणि तो दिसला की टोमणा आपोआप थांबतो. शिवाय येणाऱ्या गाड्या मुंबईच्याच आहेत. आपल्या सोसायटीतल्या, ऑफिसातल्या लोकांना ‘यंदा लोकलनं जाऊ’ म्हणणं हे मुंबईकराचंच काम आहे, आणि ते गावाला करता येणार नाही.

पुढची ग्रामसभा १५ ऑगस्टला असेल. त्याआधी मोजणीचे दोन रविवार हवे असतील तर जुलैचा दुसरा आठवडा सोडू नका. वेशीवरच्या माणसांना छत्री देऊ नका, हात अडकतात. रेनकोट, लाकडी पॅड आणि पेन्सिल द्या, पेनची शाई पावसात पसरते. आणि दुपारच्या पाळीला भावालाच बसवा, कारण तीन ते पाचची कोंडी त्यानं डोळ्यांनी बघायला हवी.